झोप, स्मरण आणि अप्रमाद



माणूस झोपतो तेव्हा तो वेळ वाया घालवतो काय? हा प्रश्न वरवर साधा दिसतो. पण आपल्या घरांतून त्याचे जे उत्तर दिले जाते त्यावर आपल्या मुलांचे शिक्षण, त्यांचे आरोग्य आणि त्यांचा स्वतःवरचा विश्वास अवलंबून आहे. म्हणून तो साधा समजून सोडून देता येत नाही.

परीक्षेचे दिवस जवळ आले की पालघर-बोईसरकडच्या चाळींतून, पाड्यांतून, कामगार वसाहतींतून एक वाक्य हमखास ऐकू येते : "झोपतोस काय? बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत!" असे म्हणणाऱ्या आईबापांचा हेतू निर्मळ असतो, याविषयी शंका नाही. ज्यांना स्वतःला शाळा मिळाली नाही त्यांना मुलाच्या हाती पुस्तक पाहून जो आनंद होतो तो आपण सर्व जाणतो. परंतु हेतू निर्मळ असला म्हणजे उपाय बरोबर असतोच असे नाही. उपाय पारखून घ्यावा, आणि तो कोणी मोठ्या माणसाने सांगितला म्हणून नव्हे तर अनुभवाला उतरतो म्हणून स्वीकारावा, ही भगवान बुद्धांची शिकवण आहे. ती कसोटी या वाक्यालाही लावली पाहिजे.

स्मरणशक्ती जन्माने मिळते काय?

झोपेकडे वळण्यापूर्वी एका जुन्या खोट्या समजुतीचा निकाल लावणे आवश्यक आहे. पाठांतर, बुद्धी आणि विद्या ही अमुक जातीच्या रक्तातच असते आणि तमुक जातीच्या डोक्यात काही राहत नाही, असे शतकानुशतके सांगितले गेले. ज्यांनी विद्येची दारे बंद केली त्यांनीच वर हेही सांगितले की, आत येण्याची तुमची लायकीच नव्हती. खेदाची गोष्ट ही की, धर्मांतरानंतरही ही समजूत आपल्या काही घरांत दबा धरून बसलेली आहे. मुलाला काल पाठ केलेला धडा आज आठवला नाही की आई म्हणते, "आमच्या पोरांच्या डोक्यात राहतच नाही काही." मूल ते ऐकते, त्यावर विश्वास ठेवते आणि मनाने हार मानते.

या समजुतीला धम्माच्या इतिहासाने केव्हाच उत्तर दिलेले आहे. आपल्याच पालघर जिल्ह्यात, सोपारा येथे, १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही सोपाऱ्यातच सापडला. अशोकाने धम्म दगडावर कोरला. पण त्याच्या आधी, भगवंतांच्या काळी आणि त्यानंतरही कित्येक पिढ्या, धम्म माणसांच्या स्मरणातच राहत होता. भगवंतांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. तेथे सुत्ते सांगितली स्थविर आनंदांनी. आणि संघाचा संपूर्ण विनय कोणी सांगितला? स्थविर उपालींनी. हे उपाली पूर्वाश्रमी शाक्यांचे न्हावी होते. ज्याला समाज खालच्या कामाचा मानत होता, त्याच्या स्मरणावर महाकाश्यपांसारख्या ज्येष्ठांनी संघाची सारी शिस्त सोपवली! पुढे भाणकांच्या परंपरेने हा ठेवा मुखोद्गत जपला आणि इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात श्रीलंकेत तो लिहून काढण्यात आला.

हे कसे घडले? कोणा देवतेच्या वराने नव्हे, जन्माच्या पुण्याईनेही नव्हे. ऐकणे, म्हणणे, पुन्हा म्हणणे, एकमेकांकडून तपासून घेणे आणि मन स्वच्छ ठेवणे, या कारणांनी घडले. कारणे असली की कार्य घडते, कारणे नसली की घडत नाही. हाच प्रतीत्यसमुत्पाद होय. स्मरणही त्याला अपवाद नाही. तेव्हा मुलाच्या डोक्यात धडा राहत नसेल तर जातीला बोल लावू नये, कारणे शोधावीत. त्या कारणांपैकी एक अतिशय महत्त्वाचे आणि आपण सर्वांत जास्त दुर्लक्षिलेले कारण म्हणजे झोप.

पाण्याच्या भांड्याचा दृष्टांत

संगारव नावाच्या ब्राह्मणाने भगवंतांना एकदा मोठा मार्मिक प्रश्न विचारला होता. फार दिवस घोकलेले मंत्रसुद्धा कधी कधी आठवत नाहीत, आणि कधी कधी न घोकलेलेही सहज आठवतात, याचे कारण काय? भगवंतांनी उत्तरादाखल पाण्याच्या भांड्याचा दृष्टांत दिला. पाण्यात रंग कालवलेले असले, पाणी उकळत असले, त्यावर शेवाळ साचले असले, ते वाऱ्याने हेलकावत असले किंवा गढूळ करून अंधारात ठेवलेले असले, तर डोळस माणसालाही त्यात स्वतःचा चेहरा दिसत नाही. त्याचप्रमाणे कामवासना, द्वेष, सुस्ती, अस्वस्थता आणि संशय या पाच आवरणांनी मन झाकले की पाठ केलेलेही वर येत नाही.

या उत्तरात दोन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. पहिली ही की, भगवंतांनी स्मरणाचा संबंध कुळाशी जोडला नाही, मनाच्या अवस्थेशी जोडला. दुसरी ही की, शेवाळाने झाकलेले पाणी म्हणजे सुस्तीने झाकलेले मन. रात्र रात्र जागलेल्या मुलाचे मन सकाळी कसे असते? शेवाळाखालच्या पाण्यासारखेच! डोळे उघडे, प्रश्नपत्रिका समोर, उत्तर माहीत असलेले, पण वर येत नाही. सुस्ती घालवण्यासाठी आपण मुलाला जागवतो आणि त्या जागरणानेच सुस्ती वाढवतो. हा विरोध आपल्या लक्षात येत नाही.

विज्ञान काय सांगते?

आता आधुनिक विज्ञानाकडे वळू. जर्मनीत हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली विसरण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. अर्थहीन अक्षरसमूह त्यांनी स्वतः पाठ केले आणि किती वेळाने किती विसरले ते मोजले. विसरणे सुरुवातीला फार वेगाने होते आणि मग मंदावते, असे त्यांना आढळले. म्हणजे पहिल्याच दिवशी बरेचसे निसटते. हे सर्व माणसांच्या बाबतीत खरे आहे. 'आमच्याच पोरांच्या' बाबतीत नव्हे!

१९२४ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जेन्किन्स आणि डॅलनबाख यांनी पुढचा प्रयोग केला. दोन विद्यार्थ्यांना दहा-दहा निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ करायला दिल्या. कधी पाठ करून ते झोपले, कधी पाठ करून दिवसाची कामे करीत जागे राहिले. आठ तासांनंतर विचारले असता झोपेनंतर निम्म्याहून अधिक शब्द आठवत होते. तितकाच वेळ जागे राहिल्यावर मात्र जेमतेम एखादा शब्द हाती लागत होता. अभ्यास तोच, विद्यार्थी तेच, मध्ये गेलेला वेळही तेवढाच. फरक होता तो फक्त झोपेचा.

त्या काळी असे मानले गेले की, झोपेत नवे काही कानांवर पडत नाही म्हणून जुने पुसले जात नाही, एवढेच. परंतु पुढील संशोधनाने दाखवले की, झोपेत मेंदू स्वस्थ पडून नसतो, तो काम करतो. मेंदूच्या आतल्या बाजूस समुद्रघोड्याच्या आकाराचा एक भाग आहे, त्याला हिप्पोकॅम्पस म्हणतात. दिवसा शिकलेली नवी गोष्ट प्रथम या भागाच्या आधाराने तात्पुरती टिपली जाते. गाढ झोपेत हीच नोंद पुन्हा पुन्हा उजळली जाते आणि हळूहळू मेंदूच्या बाह्य थरातील जुन्या ज्ञानाशी जोडली जाते. दुकानदार दिवसभर कच्च्या वहीत उधारी टिपतो आणि रात्री दुकान बंद झाल्यावर ती पक्क्या खातेवहीत उतरवतो, तसेच हे आहे. रात्रीची बैठकच रद्द केली तर कच्ची वही भरून जाते, नवे लिहायला जागा राहत नाही आणि जुने पक्के होत नाही.

हा केवळ तर्क नव्हे. १९९४ साली विल्सन आणि मॅकनॉटन यांनी उंदरांच्या मेंदूत पाहिले की, जागेपणी वाट शोधताना ज्या पेशी एकत्र चेतवल्या गेल्या त्याच नंतर झोपेतही पुन्हा एकत्र चेतवल्या जातात. २००९ साली फ्रान्समधील संशोधकांनी झोपलेल्या उंदरांच्या मेंदूतील हे विशिष्ट तरंग मुद्दाम खंडित केले. त्या उंदरांचे शिकणे मागे पडले. २००७ साली जर्मनीत माणसांवर एक सुंदर प्रयोग झाला. गुलाबाचा सुगंध दरवळत असताना लोकांनी पत्त्यांच्या जोड्यांच्या जागा लक्षात ठेवल्या. नंतर गाढ झोपेत त्यांना तोच सुगंध दिला, तेव्हा सकाळी त्यांना त्या जागा अधिक चांगल्या आठवल्या. आणि २००४ सालच्या आणखी एका प्रयोगात आकड्यांच्या कोड्यातील लपलेली युक्ती सापडणाऱ्यांचे प्रमाण झोप घेतलेल्यांत जागणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक निघाले. म्हणजे झोपेने केवळ पाठांतर पक्के होते असे नाही, समजही वाढते. गणितात अडलेला मुलगा सकाळी उठून ते सोडवतो ते याचमुळे.

रात्रीच्या पहिल्या भागात गाढ झोप अधिक असते, उत्तररात्री स्वप्नांची झोप अधिक असते. दोन्हींची कामे वेगवेगळी आहेत, म्हणून दोन्ही हव्यात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला नऊ ते बारा तास आणि तेरा ते अठरा वर्षांच्या मुलाला आठ ते दहा तास झोप हवी, अशी शिफारस अमेरिकेतील निद्रातज्ज्ञांच्या संस्थेने २०१६ साली केली आहे.

मात्र कोणी असा अर्थ काढू नये की, न वाचता झोपले तरी विद्या येईल. जे कच्च्या वहीत लिहिलेच नाही ते पक्क्या वहीत उतरणार कोठून? उशाशी पुस्तक ठेवून किंवा कानाशी मोबाईल लावून धडा पाठ होत नाही. स्मरणशक्तीसाठी ताईत बांधणे, अंगारा लावणे किंवा महागड्या बाटल्या विकत घेणे यांचा तर विचारच सोडून द्यावा. लक्ष देऊन अभ्यास, उजळणी आणि पुरेशी झोप ही तीन कारणे आहेत. तिन्ही बिनपैशाची आहेत आणि तिन्ही जात विचारत नाहीत.

झोपेत स्मरण पक्के करतो कोण?

येथे एक तात्त्विक प्रश्न उभा राहतो, आणि बौद्ध माणसाने तो टाळू नये. मी झोपलेलो असतो. मी काही करत नाही, मला काही जाणवतही नाही. तरी सकाळी उठतो तेव्हा कालचा धडा अधिक पक्का झालेला असतो. मग हे काम केले कोणी?

आत्मवादी म्हणेल, शरीर झोपले तरी आत बसलेला आत्मा जागा असतो. पण अशा कोणा आतल्या माणसाची येथे गरजच पडत नाही. दिवसा घेतलेले कष्ट हे कारण, मेंदूतील नोंद हे त्याचे कार्य. तीच नोंद रात्रीच्या उजळणीचे कारण, आणि सकाळचे स्मरण हे त्या उजळणीचे कार्य. एकातून दुसरे, दुसऱ्यातून तिसरे, अशी साखळी चालते. साखळी ओढणारा वेगळा कोणी नाही. भगवंतांनी सांगितलेला अनात्मवाद हा केवळ भिक्षूंच्या चर्चेचा विषय नाही, तो रोज रात्री आपल्या अंथरुणात घडत असतो.

यातून एक नैतिक निष्कर्ष निघतो. 'मी' कायमचा हुशार किंवा कायमचा मठ्ठ असा ठरलेला नाही. आजची कारणे बदलली तर उद्याचा मी बदलतो. ज्या मुलाला 'ढ' ठरवून मागच्या बाकावर बसवले त्याच्यासाठी यासारखा दुसरा दिलासा नाही.

आळस वेगळा, झोप वेगळी

काही उपासक विचारतील की, भगवंतांनी तर आळसाची आणि झोपाळूपणाची निंदा केली आहे, अप्रमादाची स्तुती केली आहे. मग झोपेचे समर्थन धम्माला धरून आहे काय?

प्रश्न रास्त आहे. सिगालाला उपदेश करताना भगवंतांनी दिवस वर येईपर्यंत लोळत पडणे हे संसाराच्या नाशाचे एक कारण म्हणून सांगितले आहे. पण निंदा कशाची आहे ते नीट पाहावे. ज्याला थीन-मिद्ध म्हटले आहे ती मनाची मरगळ आहे. ती दिवसाढवळ्या, डोळे उघडे असतानाही असते. थकलेल्या शरीराची रात्रीची झोप म्हणजे थीन-मिद्ध नव्हे.

महामोग्गलान हे भगवंतांच्या दोन अग्रश्रावकांपैकी एक. साधनेला बसले असता त्यांना डुलकी येऊ लागली. भगवंतांनी त्यांना एकामागून एक उपाय सांगितले. विचाराचा विषय बदल, ऐकलेल्या धम्माचे चिंतन कर, तो मोठ्याने म्हण, कान ओढ, अंग चोळ, डोळ्यांवर पाणी मारून आकाशातील ताऱ्यांकडे पाहा, मनात प्रकाशाची भावना धर, येरझारा घाल. आणि एवढे करूनही झोप गेली नाही तर काय करावे? भगवंत म्हणाले नाहीत की तरीही जागाच राहा. उजव्या कुशीवर निजावे, पुन्हा उठण्याचा निश्चय मनात ठेवून निजावे, असे त्यांनी सांगितले. म्हणजे मरगळीशी झगडावे, पण शरीराच्या खऱ्या गरजेपुढे हट्ट धरू नये. भिक्षूंसाठी जागृतीचा जो क्रम सांगितला त्यातही रात्रीचा मधला प्रहर निजण्यासाठीच राखून ठेवला आहे. तो क्रम प्रौढ भिक्षूंचा, वाढत्या वयाच्या मुलांचा नव्हे. परंतु भिक्षूलाही झोपेची मोकळीक आहे हे आपण विसरतो.

भगवंत स्वतः आळवी येथे थंडीच्या दिवसांत रानात पानांच्या शेजेवर निजले होते. हत्थक नावाच्या राजपुत्राने विचारले, भन्ते, झोप सुखाची झाली काय? भगवंतांनी सांगितले की, जगात जे सुखाने झोपतात त्यांच्यापैकी मी एक आहे. कारण मऊ गाद्यांवर पडलेल्या श्रीमंताला लोभ, द्वेष आणि मोह यांचा दाह झोपू देत नाही. ज्याने ते सोडले तो कोठेही सुखाने झोपतो. मैत्री भावनेचे जे लाभ सांगितले आहेत त्यांत सुखाने झोपणे आणि सुखाने उठणे हे पहिले दोन आहेत. झोप ही पापाची गोष्ट असती तर ती लाभांच्या यादीत आलीच नसती.

सुभेदार रामजींनी काय केले?

आता बाबासाहेबांच्या उदाहरणाकडे येऊ. कारण आपल्या घरांत शेवटचा शब्द त्यांचाच असतो, आणि तो असावाही.

बाबासाहेबांनी अठरा-अठरा तास वाचन केले, याची आठवण म्हणून १४ एप्रिलच्या सुमारास अनेक महाविद्यालयांत आणि वसाहतींत सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात. वर्षातून एक दिवस असे अभिवादन करणे चांगलेच आहे. ढोलताशांपेक्षा ते कितीतरी बरे! परंतु त्या अठरा तासांमागची परिस्थिती ध्यानात घ्यावी. १९१३ साली बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते अमेरिकेला गेले. ती शिष्यवृत्ती मुदतीची होती. मुदत संपताच १९१७ साली लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. १९२० साली पैसे जमवून ते पुन्हा गेले आणि राहिलेले पुरे केले. वेळ मोजका, पैसा मोजका आणि काम कित्येक पिढ्यांचे. त्यांचे जागरण हे समाजाने केलेल्या अन्यायाची भरपाई होती. पुढच्या पिढीलाही तशीच भरपाई करावी लागावी, यासाठी त्यांनी ते सोसले नाही.

आणि लहानपणचा प्रसंग तर आपण सर्वांनी वाचलेला आहे, पण त्याचा अर्थ घेतलेला नाही. परळच्या चाळीत एक खोली. त्या एका खोलीत सारे घर, सारा संसार. अभ्यासाला शांतता नाही. तेव्हा सुभेदार रामजींनी काय केले? भीमरावाला त्यांनी लवकर झोपवले. स्वतः रात्री दोन वाजेपर्यंत जागे राहिले. दोन वाजता मुलाला उठवले, मिणमिणत्या दिव्याशी बसवले आणि मग त्याच्या रिकाम्या झालेल्या जागी स्वतः आडवे झाले. चरित्रकार धनंजय कीर यांनी हे नोंदवले आहे. पुढे १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले.

या प्रसंगातून आपण 'दोन वाजता उठवा' एवढेच घेतो. ते घेण्यासारखे नाही. घेण्यासारखे आहे ते हे की, रामजींनी मुलाची झोप तोडली नाही, ती आधी मिळवून दिली. खोलीत जागा एकाचीच होती, म्हणून बापाने आपली झोप मागे सारली. मुलाच्या झोपेवर त्यांनी पहारा दिला. आजच्या भाषेत सांगायचे तर कच्ची वही आणि पक्की वही या दोन्हींची व्यवस्था त्या बापाने एका खोलीत लावली.

बोईसर-तारापूरच्या घरांत

१९६९ साली तारापूरला देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले. शेजारी बोईसरला औद्योगिक वसाहत वाढली. गावोगावची माणसे कामाला आली, त्यांत आपलेही बांधव आले. कारखाना तीन पाळ्यांत चालतो आणि घर एका खोलीचे असते. बाप रात्रपाळीहून सकाळी येतो आणि पत्र्याच्या तापलेल्या छपराखाली झोपायचा प्रयत्न करतो. कोणी पहाटेची लोकल पकडून मुंबईकडे जातो. आई सर्वांत शेवटी झोपते आणि सर्वांत आधी उठते. रात्री अकरापर्यंत दूरदर्शन संच चालू, मग मोबाईल, मग डास, मग वीज गेली की उकाडा. अशा घरातील मुलाला झोप अपुरी पडली तर तो त्याचा आळस म्हणायचा की आपल्या परिस्थितीचा दोष?

चेन्नईतील गरीब कामगारांचा एक अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. ४५२ माणसे त्यात होती. अंथरुणात ती आठ तास असत, पण प्रत्यक्ष झोप सुमारे साडेपाच तासच होई, कारण झोप पुन्हा पुन्हा मोडे. रात्रीची झोप अर्ध्या तासाच्या आसपास वाढवली तरी कामात मोजण्याजोगा फरक पडला नाही. पण दुपारी कामाच्या ठिकाणी शांत जागी थोडी झोप घेऊ दिली तेव्हा काम सुधारले, लक्ष सुधारले, मनही बरे राहिले. संशोधकांचा तर्क असा की, नुसते तास वाढवून भागत नाही, झोप अखंड आणि निवांतही हवी. जमीनजुमल्याप्रमाणे निवांतपणाचीही वाटणी विषम झालेली आहे, हे यावरून उघड होते.

बाबासाहेबांनी हे ओळखले होते. यंत्राला विरोध करणाऱ्यांना त्यांनी सुनावले की, माणसाला पशूच्या कष्टांतून सोडवून विसावा मिळवून देते ते यंत्रच, आणि विसाव्यावाचून सुसंस्कृत जीवन शक्य नाही. १९४२ ते १९४६ या काळात मजूर खात्याचे सदस्य असताना त्यांनी कारखाना कायद्यात दुरुस्ती मांडली. तिने १९४६ साली बारमाही कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आणले. ते सहा तास कशासाठी होते? वाचण्यासाठी, मुलांशी बोलण्यासाठी आणि झोपण्यासाठीही! ज्यांनी आपल्याला विसाव्याचा हक्क मिळवून दिला त्यांचेच नाव घेऊन मुलांचा विसावा हिरावून घेणे हे कितपत योग्य आहे?

म्हणून आपल्या कुटुंबांना काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मुलाने अवघड पाठ संध्याकाळी लक्षपूर्वक करावा, झोपण्यापूर्वी एकदा न पाहता म्हणून पाहावा, आणि मग झोपावे. सकाळी उठून पुन्हा एकदा आठवावे. धडा एका रात्रीत दहा वेळा घोकण्यापेक्षा चार दिवस दोन-दोन वेळा म्हटलेला अधिक टिकतो, कारण मध्ये झोपेच्या रात्री येतात. परीक्षेच्या आदल्या रात्री जागू नये. त्या रात्री जागून जे चार प्रश्न मिळतात त्यापेक्षा अधिक सकाळी निसटतात. घरातील संच आणि मोबाईल ठरल्या वेळी सर्वांनीच बंद करावा. बापाने पाहत राहावे आणि मुलाने झोपावे हे एका खोलीत चालत नाही. रात्रपाळी करून आलेल्या माणसाला दिवसा झोपू द्यावे, त्याला आळशी म्हणू नये. मुलीची झोप मुलाच्या झोपेइतकीच मोलाची मानावी. पहाटे पाण्याच्या रांगेला रोज तिनेच का उठावे? आणि जेथे विहार आहे तेथे संध्याकाळचे दोन तास दिवा लावून अभ्यासाला जागा द्यावी, म्हणजे मुलांचा अभ्यास वेळेत उरकेल आणि रात्र झोपेला मोकळी राहील. वंदनेला विहार आहे, तसा तो विद्येलाही असावा.

यांतील प्रत्येक गोष्ट प्रत्येक घरी जमेलच असे नाही. भाड्याच्या खोलीचे छप्पर आपल्या हाती नसते, पाळीही आपल्या हाती नसते. पण रामजींच्या हाती तरी काय होते? एक खोली आणि स्वतःची रात्र. तेवढ्यातून त्यांनी वाट काढली.

बंधुभगिनींनो, अप्रमाद म्हणजे डोळे ताणून जागणे नव्हे. जे करायचे ते वेळेवर, पूर्ण लक्षाने करणे, आणि त्याला लागणाऱ्या कारणांपैकी एकाचीही हेळसांड न करणे, हा अप्रमाद होय. अभ्यासाच्या वेळी अभ्यास हा जसा अप्रमाद, तशी झोपेच्या वेळी झोप हाही अप्रमादच. आज रात्री मूल पुस्तक मिटून झोपले तर त्याला हाक मारू नका. संच बंद करा, दिवा मंद करा, आणि आवाज न करता भांडी आवरा. त्याचा अभ्यास अजून चालूच आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!